इथं माणूस हाय

दिनकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. हे वाचून कुणाला मी विक्षिप्त वाटलो तर वाटू दे, पण झालं ते असंच झालं. सकाळची वेळ, मी बाल्कनीत आणि चष्मा स्वयंपाकघरात. आमच्या कॉलेजच्या जुन्या दोस्तांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज उजाडता उजाडता फुलं, उगवते सूर्य आणि सुविचार येऊन पडतात आणि मी ते न वाचता वर ढकलतो. त्या दिवशी त्या फुलांच्या गर्दीत दिनकरचा फोटो दिसला. अंगात निळा कोट, गळ्यात लाल टाय, भोवती झेंडूची चौकट. जन्मभर पांढऱ्या बुशशर्टात वावरलेला हा प्राणी कोटात दिसतोय म्हणजे याचा कुठंतरी सत्कार झालेला असणार, व्यापाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं असणार, असं मी धरून चाललो. खालची बारीक अक्षरं मला दिसत नव्हती. मी लिहिलं, "अभिनंदन गड्या! पेढे कधी?" थोड्याच वेळात पुण्याच्या एका मित्राचा फोन आला. तो चिडलेला होता. "अरे, काय लिहिलंयस हे? खालचं वाच की जरा!" मी चष्मा आणला आणि खालचं वाचलं... ते पेढ्यांचं वाक्य पुसायचं कसं ते मला येईना. शेवटी नातीनं पुसून दिलं.

माझा गोंधळ उडाला तो त्या सकाळी, आणि आज कित्येक आठवडे झाले तरी तो निवळलेला नाही. लोक सांगतात की धक्का बसतो, रडू येतं, मग हळूहळू मन शांत होतं. माझं यातलं काहीच रांगेत झालं नाही. मला पहिल्यांदा आला तो राग. कारण जेमतेम आठवड्यापूर्वीच दिनकर फोनवर माझ्याशी बोलला होता, आणि काय बोलला होता ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे.

"वाईकर, येणार हाईस न्हवं?" माझं आडनाव वेगळंच आहे, पण मी वाईचा म्हणून त्यानं पहिल्या दिवशी मला जे वाईकर केलं ते कायमचं.

"येणार आहे. तिकीटसुद्धा काढून ठेवलंय."

"मग असं कर. मिरजेत उतरला की रिक्षा-बिक्षा करायची न्हाई. आपण सिटी बसनं सांगलीला जाऊ. तुला एक गंमत दाखवायची हाय."

"कसली गंमत?"

"फोनवर सांगितली तर गंमत कसली रं ती? पर घाई न्हाई. सवडीनं ये."

सवडीनं ये म्हणाला आणि स्वतः मात्र सवड काढली नाही. एका दुपारी स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाला ब्रेकची केबल दाखवता दाखवता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला भेटायला म्हणून काढलेलं तिकीट माझ्या खिशात होतं. त्याच तिकिटावर मी जबलपूरहून निघालो आणि त्याच्या घरी भेटायला गेलो. एवढ्या लांबच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. त्याला मला काय दाखवायचं होतं?

इतर कुणी असतं तर मी हे मनावर घेतलं नसतं. पण दिनकरच्या गमती खऱ्या असायच्या. आम्ही सांगलीच्या कॉलेजात एका वर्गात होतो आणि दोघंही मिरजेहून जायचो. त्याचं घर आटपाडीकडचं, पाण्याचा टिपूस नसलेल्या माळावरचं, म्हणून तो मामाकडे मिरजेत शिकायला राहिलेला. मी मावशीकडे. मामाचं घर स्टँडजवळ आणि मावशीचं घर त्यापुढच्या थांब्याजवळ, आणि आमच्या मैत्रीचा सगळा पाया म्हणजे एवढंच. स्टँडवर गाडी अजून मागेपुढे होत असतानाच लोक खिडक्यांतून टोप्या, टॉवेल, पिशव्या आत फेकायचे. एखादी बाई तर पोरगंच खिडकीतून आत सोडायची. रुमाल पडला की जागा त्याची, मग वर चढायला कितीही वेळ लागो. दिनकर दोन जागा धरायचा. खिडकीची माझी आणि कडेची त्याची. पुढच्या थांब्यावर मी चढेपर्यंत त्या रिकाम्या जागेवर त्याचा चौकड्याचा मोठा रुमाल पसरलेला असायचा आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं त्याच्याकडे खाऊ का गिळू करून बघत असायची. कुणी विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "इथं माणूस हाय."

"कुठाय माणूस? मला तर दिसंना."

"दिसंल की. येतंय म्होरच्या स्टॉपला."

मी चढलो की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आलं बगा." आणि वीस माणसं माझ्याकडे वळून बघायची. आपल्यासाठी कुणी भांडून जागा धरली आहे आणि आपण म्हणजे हे एवढंच, याची मला रोज लाज वाटायची. खिडकी मला का, तर गमती बाहेर असतात म्हणून. त्यानंच मला वाटेवरच्या विश्रामबागेतल्या एका बंगल्याची खिडकी दाखवली. पडद्यासकट, आत दिवा लागलेली, कुंडी ठेवलेली. महिनाभर आम्ही त्या घरात कोण राहत असेल यावर वाद घातला. मग एक दिवस म्हणाला, "आज नीट बग, रातीबी तेवढाच उजेड, दिवसाबी तेवढाच." ती खिडकी नव्हतीच. सपाट भिंतीवर कुणी हौशी माणसानं ती रंगवलेली होती. त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण माझं मला कळावं म्हणून तो महिनाभर गप्प बसला होता. सांगली जवळ आली की डोळे मिटायला लावायचा आणि हळदीचा वास पहिल्यांदा कुणाला येतो याची शर्यत लावायचा. मला कधी जिंकता आली नाही.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. मावशीनं मला पथ्याच्या जेवणावर आणि उसाच्या रसावर कैक दिवस निजवून ठेवलं. उठून कॉलेजला जायला लागलो तेव्हा गाडीतल्या एकानं माझी कॉलर धरायचीच काय ती बाकी ठेवली. म्हणाला, "हेच का ते माणूस? रोज म्होरच्या स्टॉपला येतंय येतंय म्हणून आमाला सांगलीपर्यंत हुभं केलं ह्यानं." मी नव्हतो त्या सगळ्या दिवसांत दिनकरनं माझ्या जागेवर रुमाल टाकला होता आणि शिव्या खाऊन ती सांगलीपर्यंत रिकामी नेली होती. मी त्याला झापलं. "मी घरी पडलोय हे तुला माहीत होतं ना? मग कशाला लोकांना त्रास?" तर म्हणाला, "एकदा सोडली की मग कोण ऐकतंय?" मला वाटलं होतं की हा मैत्रीबित्रीबद्दल काही बोलेल. हा तर नियमाबद्दल बोलत होता. निदान मला तेव्हा तसंच वाटलं.

पुढे सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि स्मृतिलेख लिहिताना हेच अवघड जातं. मला जबलपूरला नोकरी लागली, तिकडेच संसार झाला, बोलण्यात हिंदी घुसलं. दिनकरनं विश्रामबागेत टू-व्हीलरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. गाड्यांचे भाग विकून घर बांधलं, पण स्वतः कधी गाडी घेतली नाही. मिरजेतल्या घरापासून दुकानापर्यंत रोज सिटी बस. मी आलो की दोन दिवसांसाठी यायचो, तेही कुणाच्या तरी लग्नाला, कुणाच्या तरी मोटारीतून. दिनकरच्या दुकानात उभ्या उभ्या चहा व्हायचा. बाकी दिवाळीला फोन. त्यानं मला कधी अडचण सांगितली नाही, मीही त्याला सांगितली नाही. मग याला जिवाभावाचा मित्र म्हणायचं की नाही? ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, दिलदार होता, हसतमुख होता. दिलदार तो होता, पण हसतमुख अजिबात नव्हता. गमतीची गोष्ट सांगतानासुद्धा त्याचा चेहरा कपाशीला भाव न मिळालेल्या माणसासारखा असायचा. मला राहून राहून वाटत होतं की हे लोक दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितायत... त्या कोटातल्या.

मी मिरजेला पोचलो तेव्हा वहिनी दारात उभ्याच होत्या. कमलवहिनींना मी लग्नात पाहिल्यानंतर चार-सहा वेळाच भेटलो असेन. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. अशा वेळी विचारू नये हे मला कळत होतं. तरी मी विचारलंच. "वहिनी, त्याला मला काय दाखवायचं होतं?"

"आवं भावजी, मला कुठलं म्हाईत?" त्या म्हणाल्या. "मलाबी लगीन झाल्यावर असंच म्हणलं हुतं. चल, गंमत दावतो. सिटी बसनं सांगलीला न्हेलं, घाटावर बसवलं, भेळ चारली, माघारी आणलं. म्या म्हणलं, गंमत कुठाय? तर म्हणत्यात, झाली की!" एवढं बोलून त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांच्या मुलानं आपलं मत दिलं. त्याला वाटत होतं की बाबांना रस्त्यातला नवा पूल दाखवायचा असेल. मला ते पटेना. पुलासाठी कुणी जबलपूरहून माणूस बोलवत नाही. पण वहिनी म्हणतात ते खरं धरलं तर आणखीच पंचाईत. म्हणजे दाखवायचं काहीच नव्हतं, नुसतं मी यावं आणि शेजारी बसावं एवढंच होतं. मग तसं सरळ म्हणायला काय झालं होतं? आणि घाई नाही कशाला म्हणाला? त्याला आतून काही कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं? मी त्या खोलीत बसून मेलेल्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होतो आणि समोर त्याची बायको मला आणखी चहा घेता का विचारत होती.

निघताना मुलगा मोटार काढायला लागला. मी म्हणालो, नको, मी सिटी बसनंच सांगलीला जाणार. गंमत जर त्या रस्त्यावर असेल तर ती मला दिसली पाहिजे. वहिनी आत गेल्या आणि एक रुमाल घेऊन आल्या. चौकड्याचा, धुवून घडी घातलेला, कडा विरलेल्या. "ह्यो न्ह्या," त्या म्हणाल्या. "ह्येनं त्यांनी कवा त्वांड पुसलं न्हाई. तोंडाचा येगळा असायचा. ह्यो गाडीचा."

स्टँडवर मी इतक्या वर्षांनी पाय ठेवला आणि मला काही म्हणजे काही ओळखू येईना. फलाट बदललेले, गाडीचा रंग बदललेला, आणि मुख्य म्हणजे खिडकीतून कुणी काही टाकत नव्हतं. दुपारची वेळ, गाडी जवळजवळ मोकळी. लोक मोबाइलात बघत सावकाश चढत होते. मी चढलो आणि पाय आपोआप आमच्या ठरलेल्या, डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे गेले. खिडकीशी बसलो. शेजारी रुमाल पसरला. मोकळ्या गाडीत जागा कशाला धरायची, याला काही अर्थ नव्हता, पण हात तोवर पसरून मोकळा झाला होता. कंडक्टर आला. मी सवयीनं म्हणालो, "भैया, एक सांगली." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हिंदीत विचारलं, "अकेले हो चाचा?" वाईचा माणूस मी, मिरजेत मावशीच्या हातचं खाऊन वाढलेला, आणि मला माझ्याच गाडीत परका ठरवून हा हिंदीत बोलत होता. राग यायला हवा होता. पण माझी नजर शेजारच्या रुमालाकडे गेली. मग मराठीत म्हणालो, "एकच द्या."

पुढचा थांबा आला. माझा थांबा. मावशीचं घर पाडून तिथं चार मजले उभे राहिले आहेत. तिथं मात्र एकदम झुंबड उडाली. कॉलेजची पोरं, बाजाराच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, सगळं एकमेकांत अडकून आत आलं आणि गाडी पार भरली. माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल, हातात भाजीची जड पिशवी, कपाळावर घाम. तिनं रुमालाकडे बोट केलं.

"हितं कोण हाय का वो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं माणूस हाय." माझे शब्द नव्हते ते, आवाजही माझा नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि पिशवी पायाशी ठेवून उभी राहिली. आता शब्द मागं घेता येईना. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाहेर मी गंमत शोधत होतो. एका पाण्याच्या टाकीतून पिंपळ उगवलेला दिसला, वाटलं, हीच. एका दुकानात लाकडी घोडा उलटा टांगलेला होता, वाटलं, ही असेल. विश्रामबाग आलं, मी त्या रंगवलेल्या खिडकीची भिंत शोधली. भिंत नव्हती, बंगलाही नव्हता. प्रत्येक गोष्ट गंमत वाटायला लागली आणि तरी एकही नक्की वाटेना. तो शेजारी असता तर महिनाभर गप्प बसला असता आणि मग म्हणाला असता, नीट बग. आता कोण सांगणार?

चौकात गाडी थांबली. खांबाला फलक लटकत होते, एकावर एक. कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक वर, आणि त्याच्याखालून अर्धा दिसणारा, उन्हानं विटलेला दुसरा. त्यात निळा कोट होता, लाल टाय होता. मी क्षणभर म्हणालोसुद्धा, हा चेहरा ओळखीचा वाटतो... मग कळलं. दुकानाच्या गल्लीतल्या लोकांनी लावलेला श्रद्धांजलीचा फलक. फलकवाल्यानं बुशशर्टातल्या फोटोला मानेखाली कुणाचातरी कोट चिकटवून दिलेला, खांद्याजवळचं जोडकाम इतक्या जवळून नीट दिसत होतं. म्हणजे तो कोटसुद्धा त्याचा नव्हता. ज्याचं मी अभिनंदन केलं तो हा, आणि ज्याच्यासाठी मी जागा धरून बसलोय तोही हाच. तो चौकात खांबावर होता आणि मी गाडीत लोकांना सांगत होतो की तो येतोय. सिग्नल सुटला. गाडी पुढे गेली आणि कोट मागं राहिला.

कितीतरी वेळानं ती बाई वाकली आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "आलं न्हाई वो तुमचं माणूस."

या सगळ्या आठवड्यांत मला अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलं होतं की दिनकर गेला. फोनवर, ग्रुपवर, घरी. मला ते पहिल्यांदा तिथं ऐकू आलं.

"नाही आलं," मी म्हणालो. "बसा तुम्ही."

तिनं रुमाल उचलला, दोनदा झटकला, व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी चष्मा काढून डोळे पुसायला लागलो, त्या रुमालानं नाही, बाहीनं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघतच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "येत्यात मागच्या गाडीनं. ह्या गाड्यांचं काय खरं हाय?" मी "व्हय" म्हणालो. पुढे कुठंतरी हळदीचा वास आला. मला आला का तिला आधी आला, कुणास ठाऊक.

सांगली स्टँडवर सगळे उतरले, ती बाई गर्दीत गेली. गंमत काय होती ते मला कळलेलं नाही. वहिनी म्हणतात तशी ती होऊनही गेली असेल, सांगता येत नाही. मी मात्र स्टँडबाहेर पडलो नाही. मिरजेहून मागची गाडी यायची होती, ती येईपर्यंत थांबलो. का थांबलो हे मला विचारू नका. गाडी आली, एकेक करून सगळी माणसं उतरली, शेवटी कंडक्टर उतरला. तीच गाडी परत मिरजेला जाणार होती आणि दाराशी आता रेटारेटी सुरू झाली होती. मी खिडकीखाली गेलो. जन्मात मी कधी रुमाल टाकला नव्हता, माझ्यासाठी तो नेहमी दुसऱ्यानं टाकला. पहिल्यांदा तो काचेला लागून खाली पडला. उचलला, झटकला आणि पुन्हा टाकला.